अरमानच्या नंबरावर बत्तीस उमेदवार

गुरुवारी सकाळी पुण्याहून पहिला फोन आला, तेव्हा अरमान सिरसाळ्यात वडिलांच्या दुकानात बसून पाण्याची एक जळालेली मोटार भरायला, म्हणजे तिच्यात तारेचे नवे वेढे घालायला, तिच्यातून जुनी तांब्याची तार ओढून काढत होता. पलीकडच्या बाईंनी विचारले, "तेजश्री आहेत का?"

तेजश्री त्याच्या वर्गातली. अंबाजोगाईच्या एका संस्थेत दोघेही वेब डिझाइन शिकत होते. पुण्याच्या एका कंपनीला त्या वर्गातून एकच उमेदवार हवा होता. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या कामाची वेबसाइट, म्हणजे पोर्टफोलिओ, तयार करून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिची लिंक पाठवायची होती. अरमानने त्यापायी दोन महिने घालवले होते आणि अजूनही एका बटणाचा निळा रंग मनासारखा उतरत नसल्यामुळे लिंक पाठवली नव्हती. ही नोकरी मिळाली नाही तर शनिवारपासून दुकानात कायमचे बसायचे, असे वडिलांशी, जमीलभाईंशी, त्याचे ठरले होते.

"न्हाई मॅडम, मी अरमान."

"मग तेजश्रींच्या साइटवर हा नंबर कसा?"

अरमानला ते खरोखरच ठाऊक नव्हते. तिने ओळखीचा माणूस म्हणून आपला नंबर दिला असावा, असे त्याने सौजन्याने गृहीत धरले आणि पोरगी लई हुशार हाय अशी ग्वाही दिली. बाईंनी तिच्या कामाविषयी काही बारीक प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे आपल्याला इतकी तोंडपाठ कशी, याचे त्याला नवल वाटले. जेवणाच्या वेळेपर्यंत असे आठ फोन आले, आठ वेगवेगळ्या नावांसाठी, आणि आठही जणांची त्याने सारख्याच निष्ठेने शिफारस केली.

इथे आपल्या विद्यापरंपरेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. प्रात्यक्षिकाची वही वर्गातला एक विद्यार्थी लिहितो आणि उरलेले ती उतरवतात. या क्रियेला चोरी म्हणत नाहीत, वही पूर्ण करणे म्हणतात. सर लाल शाईने सही करतात, ती अक्षरांखाली. अर्थाशी त्यांचा संबंध येत नाही. सरांनी पोर्टफोलिओ पूर्ण करायला सांगितला, तेव्हा वर्गातून एकच शंका आली, कोणाचा उतरवायचा. अरमानचा झालाय, असे सर म्हणाले, आणि प्रत्येकाने आपल्या वेबसाइटचे प्रिंट काढून फाइलला लावावे, म्हणजे सही करता येईल, अशीही सूचना केली. अरमानने सगळे काम वर्गाच्या ग्रुपवर टाकले. लोक ते पाहून काही शिकतील, असा त्याचा समज होता. त्याचे वय तेव्हा अवघे वीस होते.

दुपारी दुकानापुढे मोहनरावांची जीप थांबली. मोहनराव म्हणजे पन्नास एकरांचे धनी आणि चार गावांचे पुढारी. त्यांचा विजयसिंह याच वर्गात होता. त्यांनी मोबाइल जमीलभाईंपुढे धरला. विजयसिंहने आपली वेबसाइट सगळ्या भावकीला पाठवली होती, आणि तिच्यावर त्याच्या फोटोखाली लिहिले होते: 'माझे वडील मोटारी भरतात. तारेचा एक वेढा चुकला तरी मोटार जळते, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.'

"जमीलभाई, मी कधी मोटारी भरल्या?"

"न्हाई साहेब. तुमच्या मोटारी मीच भरतो."

"मंग ह्ये काय लिव्हलंय पोरानं?"

जमीलभाईंनी चष्मा लावून मजकूर सावकाश वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. "काय बी म्हना साहेब," ते म्हणाले, "पोरानं लई मान दिलाय तुमाला."

मोहनराव मोबाइल खिशात घालून जीपकडे वळले. अरमानने घाईघाईने ग्रुपवरच्या लिंका उघडल्या. नावे निराळी, फोटो निराळे. बाकी सगळे त्याचेच होते. सगळ्यांचे वडील मोटारी भरत होते आणि सगळ्यांशी संपर्क साधण्यासाठी त्याचाच नंबर दिलेला होता.

त्याने रात्रभर विचार केला, शुक्रवारी बटणाच्या रंगाचा नाद सोडला आणि लिंक पाठवली. तासाभरात त्याच बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज आता थंड होता.

"अरमान, काल तुम्ही आठ जणांची शिफारस केलीत. आज त्यांचीच साइट स्वतःच्या नावावर पाठवलीत. निदान वडील तरी बदलायचे."

"वडील माझेच हायत, मॅडम."

"असं बत्तीस जणांनी लिहिलंय."

"पण मी सगळ्यांच्या आधी केलंय."

"आमच्याकडे सगळ्यांच्या शेवटी आलंय," असे म्हणून बाईंनी फोन ठेवला.

शनिवारी अरमान ठरल्याप्रमाणे दुकानात बसला. जमीलभाईंनी आपली गादी त्याच्याकडे सरकवली.

सोमवारी दिंद्रुडहून सुग्रीव मोटारसायकलवर आला. हाही त्याच वर्गातला.

"तुझं लेटर माझ्या मेलवर कावून आलं बे?"

ते निवडपत्र होते, आणि 'श्री. अरमान यांस' असे लिहिलेले होते. सुग्रीवने अरमानची वेबसाइट उतरवताना नाव आणि फोटोही बदलला नव्हता. सरांची सही झाल्यावर खाडाखोड करायची नसते, असे त्याचे म्हणणे होते. आणि मागच्या सोमवारी, सगळ्यांच्या आधी, ग्रुपवर न टाकताच ती त्याने कंपनीला पाठवली होती. कंपनीने तारखा लावून पाहिल्या आणि सर्वांत आधी आलेली साइट अस्सल ठरवली. पत्रात पुढे म्हटले होते की, आपले काम तीस जणांनी चोरले; पण एका इसमाने तर आपले नाव आणि फोटोही लावला, शिवाय फोनवर आपणच अरमान असल्याची बतावणी केली. तेव्हा त्या नंबरावर आम्ही यापुढे संपर्क साधणार नाही. रुजू होण्यापूर्वी या तोतयाविषयी काही माहिती असल्यास कळवावी.

अरमानने पत्र तीन वेळा वाचले. आनंद करावा की वकील गाठावा, हे त्याला ठरवता येईना.

"पर सगळ्यात आधी तर मीच पाठवलं," सुग्रीव म्हणाला. "मंग माझं सिलेक्शन कावून न्हाई झालं?"

अरमानने हातावरचे वॉर्निश पुसले, सुग्रीवचाच मोबाइल घेतला आणि निवड स्वीकारत असल्याचे लिहिले. मग त्याने आणखी एक ओळ घातली: 'सदर तोतयास मी व्यक्तिशः ओळखतो. तो शनिवारपासून मोटारी भरू लागला असून, कंपनीने त्याची काळजी करू नये.'