गजभिये काकांचे पांढरे लाईट

अंधार पडला की गजभिये काका गाडीचे लाईट बंद करतात.

अंधारात लाईट लावायचे असतात हे त्यांना ठाऊक नाही, असं नाही. हिवाळ्यात आम्ही सव्वासहाला हिंगण्याच्या कंपनीतून निघतो तेव्हा दिवस मावळलेला असतो, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं काकाही चारचौघांसारखे लाईट लावूनच चालवतात. मग साडेसहा वाजतात. डावीकडचा इंडिकेटर लागतो, रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाशी गाडी उभी राहते आणि काका खटकन लाईट बंद करतात. त्याबरोबर इतका वेळ कढईत भजी सोडल्यासारखा चर्र करणारा रेडिओ माणसासारखा बोलायला लागतो.

"आलं का नाई गानं?" काका विचारतात. जणू ते त्यांनीच म्हटलंय.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी वाटलं, काकांना आडोशाला जायचं असेल. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "काका, रोज इथे काहून थांबता?"

"तूच सांग गा अमोल. खरखर पायजेन का गानं पायजेन?"

हा काकांचा ठेवणीतला प्रश्न आहे. तो ते कोणालाही, कुठेही विचारतात, आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

काका आमच्याच लेआउटमध्ये दोन प्लॉट सोडून राहतात. कंपनीत ते स्टोअर सांभाळतात आणि मी डब्यांची झाकणं नीट बसतात की नाही ते तपासतो. माझी मोटरसायकल हिंगण्याच्या रस्त्यावर दोनदा घसरली तेव्हा बायकोने मला काकांच्या गाडीत बसवून दिलं. "ते सावकाश चालवतात," ती म्हणाली. ते खरंच होतं. काही वेळ तर ते चालवतच नसत.

काकांच्या गाडीला नंतर बसवलेले पांढरे एलईडी लाईट आहेत. समोरच्याचे डोळे दिपवणारे, आजकाल ज्याच्या त्याच्या गाडीला असतात तेच. त्यांनी रेडिओत खरखर का होते, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं.

"त्या लाईटच्या बुडाशी एक डबी रायते. ते डबी सेकंदात लाख वेळा चालू-बंद होते. आपल्या डोळ्याले दिसत नाई, पन रेडिओले सारं ऐकू येते. आता तुह्या कानाशी कोनी लाख वेळा टाळी वाजवली, तं तुले माहं बोलनं ऐकू येईन का?"

"नाही येणार."

"मंग!"

एवढं ज्ञान एका माणसाकडे राहणं शक्य नव्हतं. काका खिशात मावणारा एक ट्रान्झिस्टर बाळगतात. संध्याकाळी कंपनीच्या फाटकाशी उभे राहून, तो कानाला लावून, ते बाहेर पडणारी एकेक गाडी तपासायचे. "याचे साधे बल्ब हायत. सज्जन मानूस." पुढची गाडी आली की कपाळाला आठी. "हा गेला कामातून." पंधरा वर्षांची ओळख असलेल्या माणसांबद्दलही त्यांचं मत एका संध्याकाळीत बदललेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी दोषी गाड्यांच्या वायपरखाली चिठ्ठी सापडे: 'आपल्या लाईटमुळे रेडिओ मरून राहिला आहे. कृपया पिवळे बल्ब लावावे. कळावे. आपला नम्र, स्टोअर.' अशी एक चिठ्ठी मॅनेजर साहेबांच्या गाडीवर लागली तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, की आपल्या स्टोअरमध्ये रेडिओचा माल कधीपासून यायला लागला. मी काकांची बाजू घेतली नाही, हे इथे कबूल करून टाकतो.

बुधवारचा थांबा मोठा असतो. त्या दिवशी साडेसहाला फर्माईशीचा कार्यक्रम लागतो. गाण्याआधी निवेदिका फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचते, आणि आमच्याकडे गाण्यापेक्षा त्या नावांना मान जास्त आहे. लोक आता फोनवरून निरोप पाठवतात. काका पोस्टकार्डच टाकतात. गाणं कुठलंही चालतं, नावं मात्र ठरलेली: सुधाकर, प्रमिला, निखिल, श्वेता आणि ओवी गजभिये. प्रमिला काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा निखिल, सून श्वेता आणि नात ओवी बंगलोरला असतात. कार्डावर मात्र सारं घर एका ओळीत राहतं, आणि निवेदिका ती ओळ एका दमात वाचते. त्या वेळी काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसतात आणि मलाही हलू देत नाहीत.

दुसऱ्या महिन्यात त्या ओळीच्या शेवटी माझं नाव आलं. मी तोंडाने "काय हे काका" म्हटलं, आणि घरी गेल्यावर चार नातेवाइकांना फोन केले.

एका बुधवारी असेच काळोखात उभे असताना ट्रॅफिकचे हवालदार उईके मोटरसायकलवरून आले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. लाईट बंद करून रस्त्याच्या कडेला काय चाललंय, असा त्यांचा सवाल होता.

"उभ्या गाडीले लाईट कायले पायजेन साहेब?" काका म्हणाले. "बसा मांगं. नावं येऊन राहिली."

उईके का बसले ते मला आजवर कळलेलं नाही. बसले, हे खरं. नावं ऐकली, अख्खं गाणं ऐकलं आणि उतरताना जरा घुटमळले. "पुढच्या कार्डात आमच्या घरचं नाव टाकता का? मंगला उईके." पुढच्या बुधवारपासून आम्ही कायद्याच्या संरक्षणात गाणी ऐकायला लागलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? पांढरे लाईट काढायचे, जुने पिवळे बल्ब लावायचे, आणि गाणी ऐकत घरी यायचं. मीही तेच म्हणत होतो. साऱ्या कंपनीला पिवळ्या बल्बची दीक्षा देणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी त्या फाटकातून जाणारी सर्वात मोठी गुन्हेगार होती. विषय काढला की काकांकडे रोज नवं कारण असे. "पिवळ्यात खड्डे दिसत नाई." "अरे, बोनेट गरम हाय आता." "थंडी होऊन जाऊ दे." एका रविवारी त्यांनी पोळ्या गुंडाळायची चांदी लाईटच्या त्या डब्यांभोवती गुंडाळली. पुढच्या रविवारी गाडीच्या टपावर तांब्याची तार लावली, ती लेआउटमधल्या पेरूच्या फांदीत अडकून तुटली. खरखर तशीच राहिली. पण बल्ब काढण्याचं नाव नाही.

जानेवारीत काका पुतणीच्या लग्नाला आठ दिवस पारशिवनीला गेले. जाताना मला किल्ली दिली. "चालवत राह्य, नाई तं बॅटरी उतरते."

आणि मला ती कल्पना सुचली. कल्पना सुचली की मी फार खूश होतो, आणि खूश झालो की कोणाला विचारत नाही. हिंगणा रोडवर रशीदभाई गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांच्याकडे गाडी लावली.

"निकाल दूँ?" रशीदभाई हसले. "सब यहीच करा रहे आजकल. पहले चमकाने को आते, फिर रेडियो के लिए रोते."

दहा मिनिटांत पिवळे बल्ब बसले. काढलेले पांढरे त्यांनी टेबलाखालच्या खोक्यात टाकले. मी घरापर्यंत रेडिओ लावून आलो, एकदाही खरखर नाही. रात्री बायकोला म्हणालो, "काका परत आले की बघ, मला मिठी मारतील."

काका बुधवारी कामावर आले. जानेवारीअखेर दिवस जरा मोठा झाला होता; संध्याकाळी निघालो तेव्हा अजून थोडा उजेड होता, त्यामुळे त्यांच्या काही लक्षात आलं नाही. साडेसहाला त्यांनी सवयीने इंडिकेटर दिला.

"थांबू नका काका. आज चालवत राहा." असं म्हणून मी रेडिओ लावला.

निवेदिकेचा आवाज असा आला, जणू ती मागच्या सीटवर बसली आहे. मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो उजळेल अशी माझी खात्री होती. पण काका रेडिओकडे पाहतच नव्हते, ते समोर रस्त्यावर पडलेल्या पिवळ्या उजेडाकडे पाहत होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि खाली उतरले.

तेवढ्यात रेडिओवर नावं सुरू झाली. "नागपूरहून सुधाकर, प्रमिला, निखिल..."

"काका, नावं! तुमची नावं येऊन राहिली!" मी ओरडलो.

काका गाडीसमोर वाकून लाईटच्या काचेवर हात ठेवून उभे होते. श्वेता झाली, ओवी झाली, मी झालो, मंगला उईके झाल्या. गाणं सुरू झालं. काका आले नाहीत. शेवटी मीच उतरलो.

"माहे लाईट कुठी हायत?" त्यांनी विचारलं.

मी हौसेने सगळं सांगितलं. रशीदभाई, खोका, दहा मिनिटं. सांगता सांगता माझा आवाज लहान होत गेला.

"निखिलनं लावले होते गा ते," काका म्हणाले.

मग त्या पिवळ्या उजेडात उभ्या उभ्याच ते बोलले. "मांगच्या दिवाळीत आला होता दोन दिवस. आमचं बोलनं म्हंजे काय, जेवला का? हो. जातो? बरं. तो फोनवर, मी रेडिओवर. त्या दिवशी हे लाईट घेऊन आला. म्हने, बाबा, तुमाले संध्याकाळी कमी दिसते, मीच लावून देतो. दीड तास लागला. मी टॉर्च धरून उभा. तो म्हने इकडे धरा, मी इकडे धरो. तो म्हने तिकडे, मी तिकडे. एक स्क्रू पडला, तं दोघंबी गाडीखाली घुसलो. खालीच हासत पडलो आमी. किती वर्षानं." त्यांनी काचेवर पुन्हा हात ठेवला. "मंग ते मी काढू कसे?"

मला माझी लाज वाटली. इतके दिवस मी या माणसाच्या कारणांवर घरी जाऊन हसत होतो, आणि एकदाही मला वाटलं नव्हतं, की खरं कारण त्याला सांगता येत नसेल.

आम्ही गाडी वळवली. रशीदभाई शटर ओढायच्या बेतातच होते. "जय भीम, चाचा," म्हणाले आणि काय हवंय ते कळल्यावर त्यांनी खोका टेबलावर उपडा केला. आतून पंधरा-वीस पांढरे लाईट पडले, सगळे एकसारखे.

"इसमें तुम्हारे कौन से, ये तो खुदा जाने."

काका एकेक उचलून उजेडात धरत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन बाजूला ठेवले. त्यांच्या वायरींना पांढरी डॉक्टरी पट्टी गुंडाळलेली होती. काकांनी सांगितलं, त्या दिवशी घरात काळी टेप नव्हती, म्हणून निखिलने प्रमिला काकूंच्या औषधाच्या डब्यातली पट्टी वापरली होती.

"ये पट्टी गरमी से जल जाएगी, चाचा. निकाल के काली टेप मार देता."

"पट्टी को हाथ नहीं लगाने का," काका एकदम मोठ्याने म्हणाले.

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "ऊपर से मार दूँ? अंदर तुम्हारी वैसीच रहेगी."

काकांनी विचार केला. "हाँ. ऊपर से चलेगा."

पांढरे लाईट पुन्हा बसले. आम्ही गाडीत बसलो, रेडिओ चर्र करायला लागला. मला काहीतरी भरपाई करायची होती, म्हणून मी म्हणालो, "काका, निखिलला एकदा सांगा न. म्हणावं, रेडिओला त्रास होतो. तो चांगले पाहून दुसरे पाठवेल."

"खबरदार! त्याले एक शब्द नाई सांगाचा."

आणि त्यांनी फोन काढला. खाली उतरून पेटलेल्या लाईटचा फोटो काढला, परत येऊन बसले, रेडिओ बंद केला, घसा साफ केला आणि फोन तोंडाशी धरला.

"निखिल, बेटा, तुहे लाईट एक नंबर चालून राहिले. दिवसावानी दिसते सारं. रेडिओबी साफ येते. तू काई काळजी करू नोको."

फोटो गेला, निरोप गेला. काका फोन मांडीवर ठेवून बसले. गाडी सुरू करीनात. रशीदभाई शटर लावून निघून गेले. मग फोन टिंग वाजला. निखिलचं उत्तर आलं होतं. शब्द नव्हता, नुसता एक अंगठा.

"पाह्य गा," काकांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "ऑफिसात असन, तरीबी लगेच उत्तर देलं त्यानं."

"हो काका, लगेच दिलं."

त्यांनी फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, अंगठा आणखी एकदा पाहिला. मग दार उघडून ते माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडे," ते म्हणाले. "आज तू चालव. मले जरा धुरकट दिसून राहिलं."