वानखेडेच्या मावशीची खुर्ची

आमच्या ऑफिसात मिटिंगला एक खुर्ची कायम रिकामी असते. चुकून तिच्यावर टेकलात, की वानखेडे खेकसतो, "उठ नं बे! मावशीची हाये ते."

मावशी म्हणजे आमचं ॲप वापरणारं माणूस. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप आम्ही करतो आणि ते दिसावं कसं, हे वानखेडे ठरवतो. ठरवतो कसला, छळतो! झणझणीत सावजी रस्सा ओरपून डोळ्यांतून धारा लागल्या, की हा पठ्ठ्या ॲप उघडतो. "मावशीले मोतीबिंदू हाये. तिले असंच दिसत असन." माझ्या लग्नात तर यानं ऐन पंगतीत सासूबाईंच्या हाती फोन दिला आणि स्वतः हात मागे बांधून उभा! "कोनी सांगाचं नाही. बोट कुठं जाते ते फक्त पाहाचं." ते गृहस्थ पोलिसात आहेत का, असं सासूबाई अजून विचारतात.

मावशी हे त्याच्या डोक्यातलं खूळ, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ॲप बाजारात सोडायची वेळ आली आणि वानखेडे अडून बसला. फोनवर येणारा कोड भरायला आपण अर्धं मिनिट देतो, ते मावशीला पुरत नाही म्हणे. आमच्या मॅनेजर देशमुख मॅडम भडकल्या, "उद्या ॲप जाणार म्हणजे जाणार! नाहीतर आणा तुमची मावशी!"

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच आणली. याला लहानाचं मोठं केलेली सख्खी मावशी, भिवापूरहून, मिरच्यांची पिशवी घेऊन. अख्खं ऑफिस शिंकलं. मावशी खुर्चीत बसल्या, वानखेडेनं हात मागे बांधले.

त्यांनी चष्मा शोधला, एकेक आकडा मोठ्यानं वाचत दाबला. कोड पुरा व्हायच्या आत 'वेळ संपली'. पुन्हा तेच.

"माहंच डोकं मंद हाये गा," त्या ओशाळल्या. "मांगं बी गर्दीपायी परत आली म्हून तुले खोटंच सांगतलं, बापू. दवाखान्यात गर्दी नव्हती. मले तिथल्या ॲपवर नंबरच लावता नाही आला."

वानखेडेचे हात सुटले. तो खाली बसला, त्यानं त्यांची बोटं धरली. "तुही चूक नाही वं मावशे. आमची हाये."

मॅडमनी तिथल्या तिथे ॲप थांबवलं. मावशींना पुरेल एवढा वेळ द्यायला आम्हाला आठवडा लागला.

परवा सकाळी मावशींचा फोन आला. डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर त्यांनी स्वतःच लावला होता, शेजारच्या कोणाला न विचारता. वानखेडे बाहेर गेला, परतला तेव्हा डोळे लाल.

"सावजी खाल्लं का बे?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

सावजीवाल्याची चूल अजून पेटायची होती.