बिनतारी डबीचा तपास

आमचा प्रिंटर बंद पडला की इंदूताई गिरासे आधी खडूने त्याच्याभोवती चौकोन आखतात. मग दोन पावलं मागे येऊन कमरेवर हात ठेवतात आणि ओरडतात, "कोनी जागावरथीन हालानं नई!"

आता हलणार कोण? नंदुरबारच्या आमच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माणसं मोजून चार. मालक, म्हणजे आमचे साहेब. काउंटरवर वैशाली. रिपोर्ट टाइप करणारा मी, सुनील. आणि ताई. त्यांना कामावर घेताना साहेब म्हणाले होते, "कॉम्प्युटर वगैरे बघा." ताईंनी त्यातलं 'वगैरे' फार मनावर घेतलं.

ताई निवृत्त हवालदार. उभी नोकरी पोलीस ठाण्यात रायटर म्हणून केली, म्हणजे फिर्याद, जबाब, पंचनामा लिहून घ्यायचं काम. ठाण्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा झाडून सगळ्या पुरुष हवालदारांची पाठ दुखायला लागली, त्यामुळे तो ताईंच्या गळ्यात पडला. वायरी, राउटर, नेटवर्क सगळं त्या तिथेच शिकल्या. पण शिकल्या ते पोलिसी पद्धतीने. यंत्र बिघडतं हे त्यांना मान्यच नाही. त्यांच्या मते गुन्हा घडतो.

ताईंचं बोलणं अहिराणी आणि लिहिणं सरकारी. तोंडाने विचारणार, "तू तव्हय काय करी ऱ्हायंती वो?" आणि लांबलचक वहीत लिहिणार, "मी वैशाली, वय सत्तावीस, धंदा नोकरी, समक्ष विचारता जबाब देते की, सदर वेळी मी मेंदीच्या डिझाइनची तीन पाने ऑफिसच्या कागदावर काढली, ही गोष्ट मला कबूल आहे." प्रिंटर का अडला होता ते राहिलं बाजूला, वैशाली आठवडाभर साहेबांची नजर चुकवत फिरली. साहेबही सुटले नाहीत. "सदर वेळी मी समोरच्या गाडीवर भजी खात होतो, जी मला डॉक्टरांनी मना केलेली आहेत." खाली साहेबांची सही. ही वही एकदा डबा द्यायला आलेल्या वहिनींनी सहज चाळली. त्यानंतर साहेबांच्या डब्यात महिनाभर दुधी येत होता.

तर या उन्हाळ्यातला गुन्हा.

आमचा प्रिंटर आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. मध्ये साहेबांची केबिन, तिथून वायर नेणं साहेबांना नामंजूर. म्हणून प्रिंटरला साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी जोडलेली आहे. तिला प्रिंट सर्व्हर म्हणतात. आम्ही इकडून प्रिंट दिली की ती वायफायवरून पकडते आणि प्रिंटरला देते. ताई तिला 'बिनतारी बाई' म्हणतात. दोन वर्षं या बाईबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

लाइटीच्या झटक्यात जुना राउटर जळाला, नवा आला, आणि रोज अकराच्या सुमाराला प्रिंट बंद व्हायला लागली. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू. कोणी काही न करता.

"टाइम ठरेल शे," ताई म्हणाल्या. "म्हंजे सराईत शे."

तीन दिवस तपास चालला. ताईंनी कागद बदलला, शाई बदलली, सगळी यंत्रं बंद करून एकेक चालू केली. मग त्यांचा संशय मातीच्या नमुन्यांनी भरलेल्या लोखंडी कपाटावर गेला. लोखंड वायफाय अडवतं, हे खरंच आहे. आम्ही तिघांनी ते कपाट भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकवलं. साहेबांच्या कमरेतून कट्ट असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी अकराला प्रिंट बंद. ताईंनी वहीत लिहिलं, "कपाट निर्दोष."

चौथ्या दिवशी सकाळीच कोरीटहून पिकअप भरून शेतकरी आले. मिरची लावायच्या आधी मातीचे रिपोर्ट हवे होते. गाडी बाराला परत जाणार होती. आणि अकराला प्रिंट बंद.

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. साहेब केबिनमधून कंबर धरत बाहेर आले.

"ताई, बारापर्यंत बघा. नाहीतर मी सुरतेहून माणूस बोलावतो. आणि खरं सांगू का, तुम्ही आता घरी आरामच करा. खूप केलंत."

एरवी ताईंनी साहेबांचा पुरवणी जबाब घेतला असता. या वेळी त्या वाकून खडूचा पुसट झालेला चौकोन पुन्हा आखायला लागल्या. एक बाजू वाकडी गेली.

मग उभ्या राहिल्या. "सुनील, डबीनी वायर काढ."

मी काढली. डबीवरचा दिवा विझला.

"आते तिले हाक मार."

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, घर नंबरासारखा. कॉम्प्युटरवरून त्या नंबराला हाक मारता येते, यंत्र जागं असेल तर ओ देतं. मी डबीचा नंबर टाकला. डबी बंद, वायर माझ्या हातात. तरी पडद्यावर उत्तर आलं. एक, दोन, तीन, चार वेळा.

ताईंचे डोळे चमकले. त्या हळूच म्हणाल्या, "सुनील, मयत इसम जबाब देई ऱ्हायना."

वैशालीने देवाचं नाव घेतलं.

"भूतबित काही नई शे," ताई म्हणाल्या. "त्या घरमा दुसरं कोनी ऱ्हास."

आणि तसंच होतं. डबी बसवणाऱ्याने तिचा नंबर हाताने टाकून ठेवला होता. जुन्या राउटरला ते ठाऊक होतं. नव्या राउटरला वाटलं, घर रिकामं आहे. त्याने तोच नंबर आणखी कोणाला तरी दिला. तो भाडोत्री अकराला यायचा, आमची सगळी पानं त्याच्या दारात जाऊन पडायची, आणि तो गेला की बिनतारी बाई पुन्हा कामाला लागायची.

"फोन काढा सम्दास्ना! टेबलवर ठेवा!"

माझा, वैशालीचा, साहेबांचा, ताईंचा, चारही फोन टेबलावर आले. खिडकीतून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपलाही पुढे केला. "बाई, मन्हा बी दखी ल्या." त्याचा बटणांचा होता. ताईंनी तो दोन्ही बाजूंनी पाहून परत दिला.

मी राउटरचं पान उघडलं. तिथे जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी दिसते. आमचे चार फोन आपापल्या नंबरावर होते. डबीच्या नंबरावर मात्र पाचवाच फोन, खूप जुन्या मॉडेलचा. मी मॉडेलचं नाव मोठ्याने वाचलं.

"पुन्हा वाच," ताई म्हणाल्या.

मी वाचलं.

ताई खुर्चीत बसल्या. तपास चालू असताना त्या बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. कनवटीची किल्ली काढून त्यांनी आपल्याच टेबलाचा खण उघडला. आत घडी केलेल्या रुमालाखाली, कोपऱ्यात तडा गेलेला एक फोन चार्जिंगला लावलेला होता.

"लिखी ले," त्या म्हणाल्या. "आरोपी सापडनी."

त्यांनी फोन बंद केला. मी डबीची वायर जोडली. आत प्रिंटर घरघरला, पहिलं पान आलं, मग पानांमागून पानं. पावणेबाराला कोरीटचे सगळे रिपोर्ट वाटून झाले. जाताना म्हातारा शेतकरी ताईंना म्हणाला, "बाई, तुम्ही पोलीसमा पाहिजे व्हतात." एरवी ताईंनी त्याला बसवून घेऊन अख्खी नोकरी सांगितली असती. त्या नुसत्या हसल्या.

गाडी गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. वही मी घेतली नव्हती, तरी जबाब दिल्यासारखं एका सुरात बोलल्या.

"ब्राह्मणपुरीले मन्हा धाकला भाऊ शे. गावमा मारामारी करी, त्यानावर फिर्याद उनी. मी ड्यूटीवर. ठानाना साहेब बोलनात, दुसरा लिखी. मी बोलनू, नई, मीच लिखसू. दुसरा लिखता तर एखादी ओळ जास्त लिखता. फिर्यादीनी जितलं सांगं तितलंच मी लिखं." त्या थांबल्या. "पन एक ओळ बी सोडी नई. तव्हयपासून तो मन्हासंगे बोलत नई. बारा वरीस व्हयनात."

"आणि हा फोन?"

"त्यानाकडे हाऊच नंबर शे मन्हा. ह्यामा नेट नई, म्हनीसन ऑफिसना वायफाय. तो रोज बागमाथून उना का अकराले स्टेटस ठेवस. केळी, म्हैस, नातू. तव्हय मी हाऊ चालू करस, दखस, बंद करस."

"त्याला कळतं की, कोणी कोणी पाहिलं ते."

"कळस. रोज मन्हं नाव दिसस त्याले." ताईंनी फोनच्या तड्यावरून अंगठा फिरवला. "तरी त्यानी मन्हा नंबर काढा नई."

मग त्या ताठ झाल्या. "जाऊ दे. आते हाऊ फोन तडीपार. उद्यापासून आनाव नई."

साहेब केबिनच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"ताई," त्यांनी घसा खाकरला, "राउटरमध्ये एखाद्याच्या नावावर नंबर राखून ठेवता येतो ना?"

"येस."

"मग डबीसाठी एक राखा. आणि त्या फोनसाठी एक. दोघांचं भांडणच नको." आणि कप हातात तसाच धरून साहेब घाईघाईने आत गेले.

मी राउटरचं पान पुन्हा उघडलं. डबीपुढे नावाच्या जागी 'प्रिंटर' लिहिलं. खालच्या ओळीत फोनसाठी नवा नंबर घातला. "ताई, इथं नाव काय देऊ?"

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"ब्राह्मणपुरी लिख."

मी लिहिलं. ताईंनी फोन चालू केला, तो नव्या नंबरावर जोडला गेला. तपासाच्या गडबडीत ताईंचं आज बघायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला, आणि एकदम आमच्याकडे वळवला.

"दखा," त्या म्हणाल्या, "नातूना दात पडना."