शेवाळाचे तीन गोळे

चष्म्यांचं दुकान बंद करून जावई घरी आला, तेव्हा चार दिवसांसाठी राहायला आलेले सासरे माशांच्या टाकीसमोर बाह्या सरसावून उभे होते. टाकी अशी लख्ख झाली होती की क्षणभर त्याला काच दिसेचना.

"या, जावईबापू! काय दशा करून ठेवली होती टाकीची!"

सासऱ्यांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला होता. टाक्यांतलं शेवाळ खरवडून काढणं हेच त्यांचं काम; निवृत्तीनंतरही हात शिवशिवत. या टाकीत शेवाळ मुद्दाम पाळलंय, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. मासे नावाला दोन. जावयाचा खरा जीव होता लिंबाएवढ्या, मखमली, हिरव्या तीन गोळ्यांवर.

"बाबा, ते... हिरवे गोळे?"

"केवढं शेवाळ चढलं होतं हो दगडांवर! सोलत गेलो, सोलत गेलो," सासऱ्यांनी हवेत कोबी सोलून दाखवला, "तर आत दगडच नाही! तिन्हींत नाही. दुकानदारानं चक्क गंडवलंय तुम्हाला."

जावयानं बोलायला तोंड उघडलं. पण सासऱ्यांशी भांडण म्हणजे बायकोशी भांडण.

"बरं झालं, कळलं तरी," तो म्हणाला.

तेवढ्यात पंप घरघरला आणि बंद पडला. सोलताना निसटलेले धागे त्यात अडकले होते.

"पंप ना? माझ्यावर सोडा!" म्हणत सासऱ्यांनी नळीच उपटली. पाणी सतरंजीवर आलं. जावयानं मासे पातेल्यात घेतले, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तो फडकं आणायला धावला.

बायको कामावरून आली. चहाचं आधण ठेवलेलं दिसतंय, असं वाटून ती गॅस पेटवायला गेली आणि किंचाळली, "अगं बाई! पाणी माझ्याकडे बघतंय!"

मग सगळा उलगडा झाला. "बाबा, आतबाहेर शेवाळच होतं ते! गोल राहावं म्हणून हा तळहातावर वळत बसतो."

सासरे मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघून जावयालाच कसंतरी झालं.

"जाऊ द्या हो, बाबा. चोथा बादलीत आहे ना? दोऱ्यानं बांधला तर पुन्हा आकार धरेल."

दोघं बादलीशी मांडी घालून बसले.

"हलक्या हातानं. पिळायचं नाही."

"असं?"

"हां, असं."

शेवटी सुपारीएवढे तीन वेडेवाकडे गोळे टाकीत सोडले. सासरे काचेला नाक लावून बघत राहिले.

"पहिल्याएवढे कधी होतील?"

"वर्षाला फार तर अर्धा सेंटीमीटर वाढतात."

सासऱ्यांनी मान डोलावली, फोन उचलला आणि सासूबाईंना म्हणाले, "हे बघ, मी उद्या काही निघत नाही. इथं जबाबदारी पडलीय अंगावर. माझे गरम कपडे लागतील. असं कर, ते घेऊन तूच ये."