बेकझानचा मुरगळलेला हात

"शुक्रवारी पट्टी दिसणार म्हणजे दिसणार! नाही दिसली तर मिशा उतरवीन!" बेकझाननं भर चहात टेबल ठोकून सांगितलं.

"आधी उगवू तर देत," सौले म्हणाली.

अल्माटीतल्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत ही दोघं शेजारी शेजारी बसायची. बेकझानचं काम सांगतो, घाबरू नका. विषाणू म्हणजे आगंतुक पाहुणा. मेंढीच्या पेशीत घुसतो आणि तिच्याच यंत्रावर आपल्या जनुकांच्या नकला काढायला बसतो. नक्कल म्हणजे आरएनएचा दोरा. दोऱ्याच्या टोकाला एक गाठ. पेशीचंच एक प्रोटीन येऊन ती गाठ धरतं. धरली, की यंत्र सुसाट! नाही धरली, की अर्ध्यावर धापा टाकून बंद! म्हणजे घरचाच माणूस चोराला शिडी धरतो म्हणा ना. तो घरभेद्या बेकझाननं हुडकला होता. आता नुसतं दाखवायचं राहिलं होतं. जेल म्हणजे जेलीची पातळ वडी, तिच्यातून वीज सोडायची. आरएनए एकटं असलं तर पळत तळाला जातं, प्रोटीन गळ्यात पडलं तर वरच अडकतं. वर काळी पट्टी दिसली, की जिंकलो! नाही दिसली, तर शुक्रवारच्या बैठकीत बेकझानचं टेबल गव्हाच्या रोगवाल्यांना जाणार.

आणि जेल रोज कोरं! वर काही नाही, खाली काही नाही!

"आरएनए खाल्लं कुणीतरी," सौले म्हणाली. "माणसाच्या बोटावर जे असतं ना, ते आरएनए असं फस्त करतं, जसा तू लग्नातलं मटण!"

"मी हातमोजे घालतो!"

"आणि आगा आले की?"

बेकझाननं कपाळावर हात मारला. तोक्तारबाय आगा म्हणजे संस्थेचे मुख्य. सगळी हयात मेंढरांच्या रोगात गेली, काम केलं ते उघड्या हातानं. रोज सकाळी येऊन एकेका गड्याचा हात दोन्ही हातांत घेऊन घुसळायचे, ताक करतात तसा! मोजा घालून हात कसा देणार? मग मोजा काढा, हात द्या, आणि नवे मोजे आणायला पलीकडच्या खोलीत पळा. आगा तोवर बर्फात ठेवलेल्या आरएनएच्या नळ्यांपाशी रेंगाळत. आणि आगांचा हात नाकारायचा? त्यापेक्षा गावी जाऊन घोडे राखलेले बरे!

गुरुवारी बेकझान उजव्या हाताला हे एवढं बँडेज बांधून आला.

"मुरगळला, आगा!"

"अरे माझ्या लेकरा!" आगांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, आणि दुखणाऱ्या हाताची इतकी विचारपूस केली, की हात खरंच दुखायला लागला! तसंच धरून त्याला बाहेर घेऊन गेले, हाताला चोळायला मेंढीच्या शेपटीची चरबी आणायला शिपायाला पिटाळलं. जेवायला शेजारी बसवलं. "डाव्या हातानं कसा जेवशील रे?" म्हणून मटणाचा हा मोठा मुटका करून स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात कोंबला. एक गिळतोय तोच दुसरा! सौले समोर बसून रुमालात खिदळत होती.

दुपारी चरबी येण्याआधी बेकझान सटकला. दार लावलं, बँडेज सोडलं, मोजे चढवले, जेल चालवलं. फोटो काढला आणि बघतच राहिला. पट्टी! वर! काळीभोर!

"दिसलीऽऽ!"

एका हातात फोटो, मागं खिशातून लोंबणारी बँडेजची शेपटी, असा तो व्हरांड्यातून पळत सुटला. समोर आगा, हातात बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची ताटली. बेकझाननं फोटो दातांत धरला आणि आगांचा मोकळा हात दोन्ही हातांनी गदागदा हलवला!

आगांनी त्याच्या उघड्या मनगटाकडे पाहिलं.

"हात बरा झाला वाटतं," आगा म्हणाले.

बेकझानच्या तोंडातून फोटो गळाला. घाम पुसत त्यानं सगळं ओकलं.

"म्हणजे माझा हात घाण?" आगांच्या भुवया चढल्या.

"नाही हो आगा! सगळ्यांचाच! माझा, हिचा, राजाचासुद्धा! बोट लागलं की आरएनए संपलं!"

आगांनी फोटो उचलला. पट्टीकडे पाहिलं. हळूहळू चेहरा फुलला. "धरली की रे गाठ घरभेद्यानं! शाबास! टेबल कुठं जात नाही तुझं! आणि उद्यापासून हात नाही मिळवायचा, छातीवर ठेवायचा. सगळ्यांनी!"

"आगा, तुम्ही देवमाणूस!"

"पण एक सांग." आगा जवळ सरकले. "त्या बर्फातल्या नळ्यांत एवढंसंच पाणी का ठेवतोस? तू मोजे आणायला गेलास, की मी रोज बोट बुडवून बघतो, आहे का संपलं. आज तुझ्या हाताच्या काळजीत राहूनच गेलं बघ."

बेकझाननं आ वासला.

उघडं तोंड दिसल्यावर आगा कसले थांबतात? ताटलीतला बोर्सोक उचलला आणि कोंबला!