एक पाऊल पुढे आणि थेट खिडकीत

वाद मिटवण्यात माझा हात धरणारा माणूस आख्ख्या ओहायोत नव्हता! एकतीस वर्षं मी आमच्या बेलफोर्ड गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. सोळा वर्षांच्या पोरांना, तेही जेवणानंतरच्या तासाला, राज्यघटना ऐकवत जागं ठेवणारा माणूस जगातला कुठलाही तंटा सोडवू शकतो, असं माझं स्वच्छ मत होतं. ‘होतं’ म्हणतोय, हे लक्षात घ्या.

आमच्या गावात मेथडिस्ट चर्च दोन. एक आमचं, म्हणजे गोऱ्यांचं. दुसरं चार गल्ल्या सोडून, काळ्यांचं. देव तोच, प्रार्थना त्याच, दोन्हीकडची पाणचट कॉफीसुद्धा तीच! पण रविवारी जो तो आपापल्या दारानं आत शिरणार. शेवटी दोन्हीकडच्या पाद्रींनी ठरवलं, महिन्यातून एका शनिवारी आमच्या तळघरातल्या हॉलमध्ये एकत्र जेवायचं आणि जेवणाआधी मोकळेपणानं बोलायचं. वंश, गरिबी-श्रीमंती, गोरेपणाची सवलत, काही काही लपवायचं नाही!

जानेवारीतल्या पहिल्याच बैठकीत काही काही लपलं नाही.

आमच्यातला डेल्बर्ट स्टिडम उठला. हा केंटकीच्या डोंगरातून आलेला, हिवाळ्यात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस. अंगानं कपाटाएवढा.

“कसली सवलत?” तो गरजला. “चाकं लावलेल्या पत्र्याच्या घरात वाढलोय मी! सहा भावंडं, एक संडास, आणि हिवाळ्यात तोही गोठायचा! ती सवलत कुठं मिळते ते सांगा, आत्ता जाऊन रांगेत उभा राहतो!”

पलीकडच्या चर्चच्या ओडेसाबाई प्युरिफॉय बसल्या जागेवरून म्हणाल्या, “तुला रांग लावावीच लागत नाही रे बाबा. तीच तर सवलत!” चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या त्या, भलेभले डॉक्टर त्यांच्यापुढे आवाज चढवत नसत.

“मग ती माझ्या घरी पोचलीच नाही! टपालात हरवली असणार!”

“पोचली की! तू पाकीटच फोडलं नाहीस!”

झालं! दोघं जेवताना हॉलच्या दोन टोकांना बसले, आणि बाकीचे आम्ही मध्ये बसून मुकाट्यानं कोबी चावत राहिलो.

“फेब्रुवारीची बैठक माझ्यावर सोडा,” मी पाद्रींना छातीठोकपणे सांगितलं. “मी एक प्रयोग आणतो. वादच उरणार नाही!”

प्रयोग मी इंटरनेटवरून उतरवून घेतला होता. तीस प्रश्न. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. आयुष्यात सवलत मिळाली असेल तर एक पाऊल पुढे, अडचण सोसली असेल तर एक पाऊल मागे. शेवटी कोण कुठं उभा आहे ते डोळ्यांनी दिसणार! वाद कसला घालता?

“हॉल मोजलास का?” माझ्या बायकोनं, नोरीननं, विचारलं.

“अगं, माणसं मोजायचीत, हॉल कशाला मोजू?” मी हसून म्हणालो.

शनिवारी दुपारी चार वाजता चाळीस माणसं हॉलच्या मध्यावर ओळीनं उभी राहिली. चर्च उतारावर, म्हणून तळघर असूनही समोरच्या भिंतीत बाहेर अंगणात उघडणारं दार; पाठीमागे स्वयंपाकघर. वरचं मुख्य दार मी स्वतः आतून बंद करून आलो होतो. चर्चा तापली की कुणी सटकू नये म्हणून! आणि पुढाऱ्यानं उदाहरण घालून द्यावं म्हणून कागद हातात घेऊन मीही ओळीत उभा राहिलो. माझ्या शेजारी डॉक्टर थर्मन एम्स. वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर, पलीकडच्या चर्चचा खजिनदार आणि अकरा वर्षं माझा शेजारी. मी त्याचं गवत कापायचं यंत्र वापरतो, तो माझी शिडी.

“आई-वडील कॉलेजात गेले असतील तर एक पाऊल पुढे!” मी वाचलं.

मी पुढे. थर्मन पुढे; त्याचे वडीलही डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. डेल्बर्ट मागे. ओडेसाबाई मागे.

“घरात पन्नासपेक्षा जास्त पुस्तकं असतील तर पुढे! पाणी बाहेरून भरून आणावं लागलं असेल तर मागे!”

डेल्बर्ट मागे. ओडेसाबाई मागे.

“दुकानात पहारेकरी तुमच्या मागं-मागं फिरत असेल तर मागे!”

“माझ्या मागं फिरतात,” डेल्बर्ट म्हणाला. “माझे बूट बघून.”

“आणि माझ्या मागं, मी चर्चची टोपी घातली असली तरी,” ओडेसाबाई म्हणाल्या.

थर्मननंही एक पाऊल मागे घेतलं. पण पुढच्या प्रश्नाला त्याच्या घरी पियानो निघाला आणि तो परत माझ्या बरोबरीला आला.

बाराव्या प्रश्नाला डेल्बर्ट आणि ओडेसाबाई खांद्याला खांदा लावून स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते.

“तुम्ही इकडं कुठं?” डेल्बर्टनं दचकून विचारलं.

“मी इथलीच आहे. तूच नवा दिसतोस!”

सगळे हसले. मला तर गहिवरून आलं. प्रयोग यशस्वी होत होता! फक्त थर्मन हळूच म्हणाला, “वेंडेल, हे कुठंतरी चुकतंय. तू आणि मी एकाच रेषेवर उभे आहोत, असं तुला खरंच वाटतं?”

“अरे, पावलं कधी खोटं बोलतात का?” मी म्हणालो.

सोळाव्या प्रश्नाला आमची नाकं भिंतीला टेकली. चौदा प्रश्न बाकी! दुसरा कुणी शहाणा माणूस थांबला असता. मी दार ढकललं आणि ओरडलो, “सतरावा! लहानपणी सुट्टीला तळ्याकाठी जात असाल तर एक पाऊल पुढे! चल थर्मन, टाक पाऊल!”

आम्ही दोघं बाहेर अंगणात, गुडघाभर बर्फात उतरलो. मागून वारा आला, दार धाडकन मिटलं. ते दार बाहेरून उघडत नाही.

मी दारावर थापा मारल्या. आत सामसूम! नोरीननं नंतर मला सांगितलं, आमच्या पाद्रीबुवांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग आहे. त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं, “बंधूंनो, पाहा! ज्यांना सवलत होती ते निघून गेले. दार बंद झालं. आणि आता तेच दार ठोठावतायत! कुणीही उघडू नका. हा क्षण अनुभवा!” हॉलमधल्या सगळ्यांनी तो क्षण डोळे मिटून अनुभवला. मी जितक्या जोरात थापा मारीन तितके त्यांचे हुंदके वाढत!

आमचे कोट आत, फोन कोटात. माझे कान लाकडाचे झाले.

“स्वयंपाकघराची खिडकी!” मला सुचलं आणि आम्ही बर्फातून वळसा घालून तिच्याखाली पोचलो. “तिची कडी मोडकी आहे. तू सडपातळ आहेस थर्मन, तू चढ.”

थर्मननं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो दातात दगड अडकलेल्या पेशंटकडे पाहत असेल.

“वेंडेल, या गल्लीत, दिवसाउजेडी, मी खिडकीतून आत शिरणार नाही.”

“अरे, आपलंच चर्च आहे! कोण काय म्हणणार?”

“हा प्रश्न तुझ्या कागदावर नाहीये,” तो म्हणाला.

मला काही कळलं नाही, पण थंडी कळत होती. मीच चढलो. डोकं आत गेलं, खांदे गेले, छाती गेली. नोरीनच्या हातच्या ॲपल पायनं वीस वर्षांत माझं जे पोट घडवलं होतं, ते गेलं नाही! मी बाटलीच्या बुचासारखा अडकलो. पाय अंगणात, तोंड आत. आणि तोंडाखाली बरोबर मॅकरोनीचा भला मोठा ट्रे.

समोर डेल्बर्ट आणि ओडेसाबाई. मागे सरकत सरकत ती दोघं आता चुलीला टेकली होती.

“तोंड बाजूला घ्या मास्तर,” ओडेसाबाई म्हणाल्या. “ती माझी मॅकरोनी आहे.”

डेल्बर्टनं माझे हात धरून ओढलं. मी एक इंचही हललो नाही. “चौकटच काढावी लागेल,” म्हणत तो खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपू लागला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना फोन केला होता.

“हात वर! मला दिसतील असे! इथं काय चाललंय?”

“ऑफिसर, हे माझे हात,” थर्मन म्हणाला. “माझा कोट आत आहे. पाकीट कोटात आहे. मी खिशाकडे हात नेणार नाही.”

शांत, सावकाश, एकेक शब्द मोजून टाकलेला आवाज. अकरा वर्षांत थर्मनचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुंपणावरून गप्पा मारताना नाही, मुलीच्या लग्नात नाही, वडिलांच्या अंत्यविधीला नाही. लहानपणापासून कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखा तो आवाज होता. ओडेसाबाईंच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला.

मग माझ्या पोटरीवर कुणीतरी हलकेच थोपटलं.

“सर, तुम्ही ठीक आहात ना? लागलं तर नाही?”

मी तोंड उघडणार, तोच डेल्बर्ट धावला. हॉल ओलांडून, हुंदके देणाऱ्या माणसांना बाजूला सारत, दार ढकलून बाहेर! हातात स्क्रू-ड्रायव्हर, अंगावर काजळी लागलेलं जाकीट.

“हातातलं खाली टाक! तिथंच थांब! भिंतीकडे तोंड कर!”

आता भिंतीपाशी दोघं उभे होते. आणि खिडकीतून शिरणारा मी? मला लागलं तर नाही ना, याची चौकशी झाली होती!

ओडेसाबाईंनी ॲप्रनला हात पुसले आणि त्या बाहेर गेल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही.

“बाळ,” त्यांचा आवाज आला, “चर्चमध्ये कुणी घुसतंय, असं कळलं ना तुला फोनवर?”

“हो मॅडम.”

“मग जरा नीट बघ. हे दोघं बिचारे भिंतीला लागून उभे आहेत. आणि अर्धा माणूस खिडकीत लोंबतोय. त्याला तू विचारतोस, लागलं का! घुसतंय कोण?”

 तो पोलीस घुटमळत म्हणाला, “सर... आपलं नाव?”

“वेंडेल क्राउझ!” मी मॅकरोनीवरून ओरडलो.

“क्राउझ सर? अहो, मी कोल्बी! कोल्बी रेनर! दोन हजार चौदाची बॅच! तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात! नागरिकांचे हक्क, पूर्ण धडा!”

“असं होय?” ओडेसाबाई म्हणाल्या. “म्हणजे हे तुम्ही शिकवलंय तर.”

खरं सांगतो, त्या क्षणी मी स्वतःहून मॅकरोनीत तोंड घातलं.

पुढं डेल्बर्टनं चौकट सोडवली, कोल्बीनं पाय धरले आणि मी ट्रेसकट आत कोसळलो. कोल्बीनं माझं ओळखपत्र तेव्हाही मागितलं नाही! थर्मनपुढे तो लालबुंद होऊन उभा राहिला, “माफ करा डॉक्टर” म्हणाला. थर्मननं मान हलवली. “काही हरकत नाही” मात्र म्हणाला नाही. कोल्बी टोपी हातात घेऊन गेला.

आत कप उचलताना थर्मनच्या हातून कॉफी टेबलावर सांडली. जो हात दातांतल्या तारा केसाइतक्या अचूक बसवतो, तो हात! कप खाली ठेवून त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

डेल्बर्ट समोर येऊन बसला. 

“माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता,” तो म्हणाला. “तुमच्या हातात काय होतं?”

“काही नाही.”

“हं,” डेल्बर्ट म्हणाला. मग ओडेसाबाईंकडे वळून जरा गुरगुरला, “पण माझं पत्र्याचं घर खरं होतं हां!”

“मी कधी खोटं म्हटलं? हापशावरून पाणी मीही वाहिलंय,” ओडेसाबाई त्याच्या ताटात बीन्स वाढत म्हणाल्या. “तुझा हापसा किती लांब होता?”

“अर्धा मैल.”

“माझा पाऊण! जेव.”

मग हापसे, गोठलेल्या बादल्या, भावंडांच्या मारामाऱ्या यांवरून दोघांची अशी काही जुंपली की त्यांना मक्याचा कॉर्नब्रेडही उचलून द्यावा लागला.

मी थर्मनच्या शेजारी सरकलो. केसांतून चीज ओघळत होतं.

“थर्मन, मला असं म्हणायचंय की, म्हणजे ऐतिहासिक दृष्ट्या पाहिलं तर...”

“वेंडेल,” तो म्हणाला, “आज काही समजावू नकोस. नुसता बस.”

मी बसलो. पाच मिनिटं एक शब्द न बोलता! मग त्यानंच एक रुमाल माझ्याकडे सरकवला.

मार्चची बैठक व्हायचीच असं ठरलं. हॉल तोच, जेवण तेच, चर्चा जेवताना. त्या दिवशी दोन्ही चर्चचं प्रथमच कुठल्यातरी ठरावावर शंभर टक्के एकमत झालं: वेंडेल क्राउझ यांच्या हातात यापुढे कागद द्यायचा नाही, त्यांनी भांडी घासावीत!

मतदान हात वर करून झालं. पहिला हात नोरीनचा होता. आणि तिनं दोन्ही वर केले होते.