मौजे पाम येथील बदाम सत्तीची फत्ते

श्रीगणरायाचे चरणी मस्तक ठेवून, कोणाचा पक्ष न धरिता लिहिण्यात येते ऐसे जे, तारापूरचे मुलखी, कसबा बोईसरचे लगत मौजे पाम, तेथे भाड्याच्या दोन खोल्यांत राजश्री रामकिसन, मूळ राहणार प्रांत परभणी, हल्ली चाकरी रंगाचे कारखान्यात, यांणी पत्त्यांच्या एका कॅटाच्या बळावर जी मोहीम केली, तिची ही हकीकत. थोरांच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या. बापाने लेकीचा शब्द कैसा राखिला हे लिहिण्यास कोणी बसत नाही, म्हणोन हा उद्योग.

मोहिमेस कारण ऐसे घडले. राजश्रींची कन्या चिरंजीव वैभवी, इयत्ता तिसरी, ही शाळासोबतीण प्रतीक्षा हिच्या वाढदिवसास गेली. प्रतीक्षेचे तीर्थरूप वीज प्रकल्पाचे चाकर, राहणार वसाहतीत, इतमाम मोठा; त्यांणी खासा जादूगार आणविला आणि त्याणे टोपीतून कबुतर काढिले. मग सकळ पोरींनी वाहवा केली आणि ती वैभवीस सोसवेना, आणि ती भरसभेत बोलून गेली की, ‘आमचे पप्पा कबुतराशिवाय जादू करतात.’ शब्द गेला तो गेला. प्रतीक्षेने तत्काळ वैभवीच्या वाढदिवसाचे आमंत्रण मागून घेतले, आणि तो तर येत्या रविवारी होता.

वर्तमान घरी पोहोचताच राजश्री हवालदिल जाहले. जादू म्हणून त्यांस काडीइतकी येत नव्हती. सौभाग्यवती वर्षाराणी यांणी मसलत दिली की, पोरीने चूक कबूल करावी आणि विषय मिटवावा. परंतु लेक चार पोरींत खोटी पडावी हे राजश्रींच्या जिवावर आले आणि मसलत फेटाळण्यात आली.

मग मोबाइलचे पडद्यावर एक जाहिरात प्रकट जाहली. काळ्या कोटातील कोणी इसम परमुलखी समुद्रकिनारी उभा राहून वाटसरांस पत्ता ओढावयास सांगे आणि न पाहता ओळखी, आणि लोक किंचाळत. खाली मजकूर की, सरावाची गरज नाही. कोणीही, कुठेही, कोणासमोरही. शंभर टक्के यश. राजश्रींनी विचार केला की समुद्रकिनारा आपणाकडेही आहे, आणि तो कॅट मागविण्याचा हुकूम सोडिला.

तिसरे दिवशी कॅट दाखल जाहला. त्याची करामत ऐसी की, अर्धी पाने नाना प्रकारची आणि अर्धी पाने एकजात बदाम सत्ती, किंचित आखूड, एकाआड एक बसविलेली. पाने फुरफुरवावी, समोरच्याने ‘थांब’ म्हणावे, तेथे कॅट कापावा, की वर येते ती सत्तीच. बुडाचे पान मात्र कधीच सत्ती नव्हे. परंतु बुडाचे पान कोण मागतो?

कॅटाची जरब प्रथम घरी आजमाविली. सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता ‘थांबा’ म्हटले आणि सत्ती आली. मग कारखान्याचे कँटीनमध्ये सोबती राजश्री झिपरू यांजवर प्रयोग केला, तेव्हा ते करणीच्या भयाने दचकून बोलले, “तू भगत हाय का रे?” आणि दोन दिवस डबा घेऊन दूर बसले. येणेकरून राजश्रींस बळ चढले. जाहिरात अक्षरशः खरी, ऐसे ते आरशापुढे बोलले.

आता गनिमाचे वर्णन. बंदर नवापूरच्या मातुश्री काशीबाई दर रविवारी डोईवर टोपली घेऊन गल्लीत येत. टोपलीत वरती कालचे बोंबील, खाली आजचे, ही त्यांची व्यूहरचना. आणि राजश्री परभणीचे असूनही ती त्यांस उमजली होती, म्हणोन ते सदैव खालचेच मागत. तेव्हा काशीबाई गर्जत, “घाटावरचा मानूस तू, तुला मासलीतला काय कलते?” आणि खालचेच देत, परंतु चेहरा असा करीत की मुलूख तोडून दिला.

रविवारी सायंकाळी फुगे लागले, पोरी जमल्या, आणि काशीबाई रिकामी होत आलेली टोपली घेऊन परत निघाल्या होत्या, त्यांस वैभवीने केक खाण्यास हाताला धरून आत आणिले. मग राजश्रींनी कॅट काढिला. ठरल्याप्रमाणे सौभाग्यवती पुढे सरल्या, तो प्रतीक्षा बोलली, “काकू नको. त्यांना तुम्ही शिकवलं असेल. त्या आजी घेऊ देत.”

सभेस हे न्यायाचे वाटले. राजश्रींनी देवाचे नाव घेऊन पाने फुरफुरविली, काशीबाई ‘थांब’ म्हणाल्या, कॅट कापिला, आणि वरचे पान उपडेच अदबीने पुढे केले.

काशीबाईंनी पानाकडे पाहिले, मग राजश्रींकडे पाहिले.

“ह्यो नाय घेनार,” त्या म्हणाल्या. “वरचा कोन सोताहून देते? शिला असेल तो.” आणि कॅटाचे बुडाशी हात घालून अगदी खालचे पान ओढून घेतले.

ज्या विद्येने त्यांणी चार वर्षे काशीबाईंस जेर केले, तीच विद्या आज त्यांजवर उलटली. वैभवी फ्रॉकची कड मुठीत धरून बापाच्या तोंडाकडे पाहत होती. राजश्रींपाशी एकच शब्द होता, तो त्यांणी उच्चारिला.

“बदाम सत्ती.”

काशीबाई पान निरखीत राहिल्या. मग त्यांणी वैभवीकडे पाहिले, मग राजश्रींकडे, आणि ती नजर सौदा पटलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहण्याची होती.

“हाय,” त्या म्हणाल्या. “बदामाची सत्तीच हाय.” आणि पान कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी, रवाना जाहले.

“दाखवा ना आजी,” प्रतीक्षेने चढाई केली.

“येवढी म्हातारी बाय खोटा बोलेल? केक खा तू.”

मग टाळ्या जाहल्या. वैभवी मैत्रिणीस इतकेच म्हणाली की, कबुतर लागतच नाही, आणि ते ऐकून राजश्रींचे डोळे भरून आले; त्यांणी पाठ फिरवून फुगा बांधण्याचे सोंग केले.

तह दारात जाहला. टोपली डोईवर चढविण्यास हात लावण्याची रीत आहे, म्हणोन राजश्री गेले. टोपली उचलता उचलता काशीबाई हळू आवाजात बोलल्या, “आता आयतवारी वरचे घ्याचे. मुकाट.”

“बरं मावशी,” राजश्री वदले.

पुढील रविवारी तहाप्रमाणे बोंबील आले, आणि पिशवीत त्यांजखाली किलवरची दुर्री आली, ओली, वास मारणारी. सौभाग्यवतींनी पिशवी हुंगून विचारिले, “हे कालचे नाहीत का? खालचे का नाही मागितले?” राजश्रींनी उत्तर दिले की, वरचेही चांगले असतात.

मग त्यांणी मोबाइलवर त्या कॅटास पाचपैकी पाच तारे दिले आणि शेरा लिहिला: कोणासमोरही चालतो. कारण की जाहिरातीत यश लिहिले होते, यश कोणत्या पानाने येईल हे लिहिले नव्हते. येणेप्रमाणे जाहिरात खरी ठरली, लेकीचा शब्द राहिला, मौजे पाम येथे राजश्रींची फत्ते जाहली. आणि दोन प्रहरी सर्वांनी कालवण निमूट खाल्ले.